बीप मोजा, मग रॅम काढा: स्क्रीन काळी असताना बिघाड कसा शोधायचा

कॉम्प्युटर सुरू होताना अडला की बीप वाजते, कारण तेव्हा स्क्रीन अजून उठलेलीच नसते. पॉवरचं बटण दाबल्यावर मदरबोर्डवरचा बायोस, म्हणजे मशीन जागं करणारा छोटा प्रोग्रॅम, एकेक भाग तपासत पुढे जातो. आजच्या बोर्डांवर त्याचं खरं नाव यूईएफआय, पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात. या तपासणीला पोस्ट म्हणतात, म्हणजे पॉवर ऑन सेल्फ टेस्ट. प्रोसेसर, चिपसेट, रॅम आणि त्यानंतर ग्राफिक्स असा साधारण क्रम असतो. रॅमचा नंबर ग्राफिक्सच्या आधी लागतो, त्यामुळे गाडी रॅमवर अडली तर काय झालं ते दाखवायला पडदाच नसतो. मग उरतो तो एक छोटासा स्पीकर.

तपासणी कुठे थांबली एवढंच बीप सांगते. का थांबली हे तिला माहीत नसतं. मेमरीची, म्हणजे रॅमची बीप नीट न बसलेल्या रॅमच्या पट्टीने येते, पिनांवरच्या मळाने येते, बायोसमध्ये वाढवलेल्या स्पीडने येते, प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या एखाद्या वाकलेल्या पिनेने येते आणि हो, रॅम खरोखर मेली असेल तरी येते. म्हणून नवी रॅम मागवणं हे यादीतलं शेवटचं काम.

आधी स्पीकर आहे का ते बघा

बऱ्याच नव्या मदरबोर्डांवर आणि कॅबिनेटमध्ये स्पीकर येतच नाही. तो नसेल तर 'बीप आली नाही' या वाक्याला काही अर्थ नाही. बोर्डवर पॉवर बटणाच्या वायरी जिथे जोडतात, तिथेच स्पीकर लिहिलेल्या चार पिनांची जागा असते. वायरी दोनच असतात, कनेक्टर मात्र चार भोकांचा. सुट्या मिळणाऱ्या बझरवर प्लसची खूण असते. उलटा लागला तर तो बहुतेक नुसता गप्प बसतो. काढून फिरवून लावायचा.

स्पीकर असल्याची खात्री झाली की एक जुनी युक्ती करून बघा. मशीन पूर्ण बंद करून सगळी रॅम काढा आणि तशीच सुरू करा. आता मशीनने तक्रार करायलाच हवी. रॅम नसल्याची बीप आली तर प्रोसेसर, बायोस आणि बोर्डाचा बराचसा भाग जिवंत आहे, हे एका झटक्यात कळतं. रॅम काढूनही पूर्ण शांतता असेल तर रॅमच्या मागे लागू नका. प्रोसेसरला वीज देणारी वरच्या कोपऱ्यातली चार किंवा आठ पिनांची वायर, मग एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), मग प्रोसेसर आणि बोर्ड, या क्रमाने बघा. ती आठ पिनांची वायर लावायची राहून जाणं ही नव्याने जोडलेल्या मशीनमधली नेहमीची चूक आहे. पंखे फिरतात, दिवे लागतात, त्यामुळे तिचा संशय येत नाही.

बीप मोजायची कशी

पहिल्याच ऐकण्यात आकडा धरू नका. बीपचा संच वाजतो, थोडा थांबतो आणि बऱ्याचदा पुन्हा तोच वाजतो. मधूनच मोजायला लागलात तर 'एक लांब, दोन आखूड'चं 'दोन आखूड, एक लांब' होतं. मोबाइलवर रेकॉर्ड करा, दोनतीन फेऱ्या ऐका आणि कागदावर लिहा: टीऽऽऽ टिप टिप, विराम, टीऽऽऽ टिप टिप. मोजणी नेहमी मोठ्या विरामानंतर सुरू करायची.

आणखी एक गोंधळ. काही बोर्ड सुरू होताना जोडलेल्या प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी एक बारीक टिप वाजवतात. स्क्रीन येत असेल तर त्या टिपांकडे दुर्लक्ष करा. आणि एकच आखूड बीप होऊन स्क्रीन आली, तर बहुतेक बोर्डांच्या भाषेत त्याचा अर्थ 'सगळं ठीक' इतकाच. एएमआय या बायोस बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या यादीत हीच एक बीप रॅमच्या रिफ्रेशमधला, म्हणजे साठवलेली माहिती सतत ताजी ठेवण्यातला बिघाड दाखवते. फरक ओळखायचा तो स्क्रीन आली की नाही यावरून.

एकच सूर, दोन अर्थ

बीपची भाषा बायोस बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे बदलते, आणि बोर्ड किंवा मशीन बनवणारी कंपनी त्यात आणखी बदल करते. एक लांब आणि दोन आखूड हा सूर घ्या. अवॉर्ड बायोसमध्ये तो ग्राफिक्सचा बिघाड. असूसच्या बोर्डांवर मात्र एक लांब आणि दोन आखूड म्हणजे रॅम सापडली नाही, आणि ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही तर एक लांब आणि तीन आखूड. कुठल्या तरी यादीत पाहून ग्राफिक्स कार्ड बदललं आणि दोष रॅमचा निघाला, असं इथेच होतं. बोर्डवर छापलेला मॉडेल नंबर बघा आणि त्याच बोर्डाच्या मॅन्युअलमधला तक्ता धरा. खालची माहिती दिशा कळण्यापुरती.

एएमआयच्या जुन्या संकेतांत १, २ आणि ३ आखूड बीप तिन्ही रॅमकडे बोट दाखवतात: अनुक्रमे रिफ्रेश, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) आणि पहिल्या ६४ केबीमधला दोष. ५ बीप प्रोसेसरच्या, ६ कीबोर्ड कंट्रोलरच्या, ८ ग्राफिक्सच्या मेमरीच्या आणि ९ बायोस साठवलेल्या चिपच्या, म्हणजे रॉमच्या. १ लांब ३ आखूड पुन्हा रॅमच, फक्त ६४ केबीच्या वरची.

अवॉर्डमध्ये थांबत थांबत न संपणारी बीप बहुधा रॅमची असते. मशीन चालू असताना मधेच तीव्र आवाजाच्या बीप सुरू झाल्या तर प्रोसेसर तापलाय, आधी कूलर बघा.

फिनिक्स बायोसमध्ये बीप गटागटाने येतात. १-३-१-१ म्हणजे रिफ्रेश, १-३-४-१ म्हणजे रॅमची अॅड्रेस लाइन, १-३-४-३ म्हणजे डेटाचे बिट, १-२-२-३ म्हणजे बायोस रॉमचा चेकसम (माहिती शाबूत आहे का ते पडताळणारी बेरीज). चार गटांत पहिले दोन आकडे १-३ असले की शंका पहिल्यांदा रॅमवर घ्यावी, पण १-३-१-३ हा अपवाद. तो कीबोर्ड कंट्रोलरचा.

डेलच्या मशीनवर २ बीप म्हणजे रॅम सापडत नाही, ४ म्हणजे रॅम सापडली पण लिहिणं-वाचणं जमत नाही, ५ घड्याळाच्या बॅटरीच्या, ७ प्रोसेसरच्या. त्यांच्या नव्या लॅपटॉपवर हे काम दिव्याकडे आहे: पिवळसर २ वेळा आणि पांढरा ३ वेळा म्हणजे रॅम सापडली नाही, २ आणि ४ म्हणजे रॅममध्ये बिघाड. एचपीच्या बऱ्याच मशीनवर ३ लांब आणि २ आखूड म्हणजे मेमरी, ३ लांब आणि ३ आखूड म्हणजे ग्राफिक्स. इंटेलच्या काळातल्या जुन्या मॅकमध्ये दर ५ सेकंदांनी एक सूर आला तर रॅम बसवलेलीच नाही. सलग तीन सूर आणि ५ सेकंदांचा विराम असं चाललं असेल तर रॅम तपासणीत नापास झाली.

नव्या बोर्डांवर बीपपेक्षा दिवे जास्त कामाचे. सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट असे चार छोटे दिवे असतात आणि ज्याच्यापाशी अडलं तो लागून राहतो. महाग बोर्डांवर दोन अंकी आकडा दिसतो. एएमआयच्या बायोसवर ५५ म्हणजे रॅम बसवलेली नाही, ५१ म्हणजे पट्टीवरच्या एसपीडी चिपमधली माहिती वाचता आली नाही, ५३ म्हणजे वापरण्याजोगी रॅम मिळाली नाही.

डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम असेल तर घाई नको. पहिल्यांदा सुरू करताना, बायोस अपडेट झाल्यावर किंवा सेटिंग पुसल्यावर बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी वेळ जुळवून घेतो. तेवढा वेळ स्क्रीन काळी आणि डीरॅमचा दिवा लागलेला. ही गोष्ट काही मिनिटं चालू शकते. दीड मिनिटात कंटाळून बटण दाबून ठेवलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि रॅम खराब असल्याचा समज पक्का होतो. १० ते १५ मिनिटं हात न लावता सोडून द्या.

काढण्याआधी

मशीन बंद करा, एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण १० सेकंद दाबून ठेवा. बोर्डावर एखादा दिवा लागलेला असेल तर तो विझेपर्यंत थांबा. वायर लावलेली असताना मशीन बंद दिसली तरी बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा सुरू असतो, आणि तशा अवस्थेत रॅम काढणं म्हणजे चांगली रॅम स्वतःच्या हाताने घालवणं. लॅपटॉपमध्ये चार्जर काढाच, शिवाय आतल्या बॅटरीचा कनेक्टरही सोडवा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि पट्टी कडेने धरा.

ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला कुलूप) सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. पुढे सीमॉस (बायोसची सेटिंग साठवणारी जागा) पुसावा लागला किंवा सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरला सुरू होऊ न देणारी सोय) बंद करावा लागला, तर विंडोज ती मागू शकतं.

पट्टी पुन्हा बसवणं

मेमरीच्या बीपवर सगळ्यात जास्त वेळा चालणारा उपाय हाच, आणि घाईत चुकतो तोही हाच. बऱ्याच बोर्डांवर स्लॉटला एकाच टोकाला उघडणारा लॅच असतो, दुसरं टोक स्थिर. लॅचकडची बाजू 'टक' करून बसते, आवाज ऐकून माणूस निश्चिंत होतो, आणि स्थिर टोकाकडची बाजू अर्धा-एक मिलिमीटर वर राहते. हे वरून दिसत नाही. डोळे बोर्डाच्या पातळीला आणून बाजूने बघा. सोनेरी पिनांची रेघ एका टोकाला जास्त दिसत असेल तर ती तिरकी बसली आहे. पट्टीच्या दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून आधी स्थिर बाजू दाबा, मग लॅचची. वाटतं त्यापेक्षा बराच जोर लागतो. कॅबिनेट आडवं ठेवलं तर बोर्ड वाकण्याची भीती कमी.

लॅपटॉपची छोटी पट्टी साधारण ३० अंशांच्या कोनात तिरकी घुसवायची, सोनेरी पिना जवळपास पूर्ण आत गेल्या की खाली दाबायची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या क्लिपा आपोआप लागतात. पूर्ण आत न घालता खाली दाबली तर क्लिपा लागतात, रॅम मात्र दिसत नाही.

पिना काळपट दिसत असतील तर ९० टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला, धागे न सुटणारा कपडा वरून खाली फिरवा आणि वाळू द्या. खोडरबराचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने काम होतंही, पण रबर घासतं. पिनांवरचा सोन्याचा थर फार पातळ असतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊन बसला की एका दोषाचे दोन होतात. अल्कोहोल हाताशी असेल तर रबर उचलू नका. स्लॉटमध्ये हवेचा फवारा किंवा कोरडा मऊ ब्रश चालतो. पिन, सुई, टाचणी काहीही घालायचं नाही.

जाती जुळतात का तेही याच वेळी बघा. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघांनाही २८८, पण खाचेची जागा वेगळी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरी बसत नाही. बसत नसेल तर दाबू नका. उलट सर्व्हरमधून निघालेली डीडीआर४ रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये छान बसते आणि चालत मात्र नाही. जुन्या बाजारात स्वस्त मिळणाऱ्या रॅममध्ये ही फसगत बरीच होते. पट्टीच्या लेबलवर पीसी४ ने सुरू होणाऱ्या स्पीडच्या आकड्यानंतर डॅश आणि इंग्रजी आर अक्षर असेल तर ती रजिस्टर्ड समजायची.

एका वेळी एक पट्टी, एक स्लॉट

चार स्लॉटांच्या बहुतेक बोर्डांवर एकटी पट्टी ए२ मध्ये बसते, म्हणजे प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या स्लॉटमध्ये. दोन असतील तर ए२ आणि बी२, म्हणजे दुसरा आणि चौथा. पहिल्या स्लॉटमध्ये एकटी पट्टी लावून 'रॅम गेली' म्हणणारे बरेच असतात. मॅन्युअल बघून खात्री करा.

पट्ट्यांवर पेन्सिलीने नव्हे, छोट्या कागदी चिकटपट्टीने १ आणि २ असं लिहा. बाकीच्या सगळ्या बाजूला काढून ठेवा.

पट्टी १ एकटी ए२ मध्ये लावा, सुरू करा, काय झालं ते लिहा. मग पट्टी २ एकटी त्याच ए२ मध्ये. एक चालली आणि दुसरी नाही, तर संशय पट्टीवर. दोन्ही चालल्या नाहीत, तर दोन्ही एकदम मेल्या असण्याची शक्यता कमी. संशय स्लॉटवर, सेटिंगवर किंवा प्रोसेसरवर. आता चाललेली पट्टी बी२ मध्ये लावून बघा. ए२ मध्ये चालते, बी२ मध्ये नाही, असं निघालं तर पट्टी निर्दोष आहे आणि त्या चॅनेलच्या (प्रोसेसर ते स्लॉट या रस्त्याच्या) वाटेत काहीतरी आहे.

ही वाट प्रोसेसरमधून जाते, कारण मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरमध्येच असतो. एक पूर्ण चॅनेल गायब असेल तर कूलर काढून सॉकेट बघावा लागतो. इंटेलच्या सॉकेटमध्ये वाकलेली पिन, प्रोसेसरच्या तळाला लागलेली थर्मल पेस्ट किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळलेले, या तिन्हींनी नेमकं हेच होतं. तिसरं तपासायला काहीच लागत नाही: कूलरचे स्क्रू सैल करा, तिरपे समोरासमोरचे घेत थोडेथोडे सारखे आवळा आणि पुन्हा बघा.

दर वेळी एकच गोष्ट बदला. पट्टी बदलली, स्लॉट बदलला आणि सोबत सीमॉसही पुसला, तर मशीन सुरू झाली तरी कशामुळे झाली ते कळत नाही आणि आठवड्याने तीच बीप परत येते.

सेटिंग पुसणं

पट्ट्या एकेकट्याही चालत नसतील किंवा बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा स्पीड वाढवणारी तयार सेटिंग) सुरू केल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर सीमॉस पुसा. वीज पूर्ण काढून बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने १० सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल काढून पाचेक मिनिटं ठेवा. रॅम आता कारखान्याच्या मूळ स्पीडवर येते. डब्यावर डीडीआर५ ६००० लिहिलेलं असलं तरी हा आकडा एक्सपोचा असतो, पुसल्यावर ती सहसा ४८०० च्या आसपास सुरू होते. सेल जुना असेल तर त्याच वेळी बदलून टाका, त्याचे ३ व्होल्ट उतरले की तारीख आणि सेटिंग दोन्ही विसरली जातात.

सुरू होते, पण भरवसा नाही

बीप नाही, विंडोज उघडतं, पण कधी निळी स्क्रीन, कधी मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (माहिती जुळत नसल्याची तक्रार), कधी विंडोज टाकतानाच फाइल खराब असल्याचा संदेश. निळ्या स्क्रीनवर दर वेळी वेगळं कारण लिहिलेलं असणं ही रॅमची ठळक खूण. ड्रायव्हरचा दोष असेल तर बहुधा तोच तोच संदेश येतो. पोस्टमध्ये रॅमची तपासणी फार वरवरची होते, त्यामुळे असा दोष तिच्यातून सहज निसटतो.

विंडोजमधलं विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चटकन चालवता येतं. सुरू झाल्यावर एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडा, नाहीतर ते वरवरचंच तपासतं. निकाल दिसून गेला तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदींत मेमरी डायग्नोस्टिक्स रिझल्ट्स या नावाखाली मिळतो. त्याने एरर दाखवली तर ती खरी. काही नाही म्हणालं तर मात्र त्यावर विसंबू नका.

खरी परीक्षा पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लसची. नावं सारखी असली तरी ही दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही चालतात. सिक्युअर बूट अडवत असेल तर तेवढ्यापुरता बंद करा. पहिली फेरी मुद्दाम छोटी असते, म्हणून किमान ४ फेऱ्या होऊ द्या. रॅम जास्त असेल तर रात्रभर लावून ठेवा. रोज ज्या सेटिंगवर मशीन चालते त्याच सेटिंगवर आधी चाचणी घ्या. स्वीकारार्ह एररची संख्या शून्य. 'फक्त दोनच आल्या' याला काही अर्थ नाही.

एरर आली की नुसती संख्या बघू नका, ओळ वाचा. समजा लिहिलं ५५५५५५५५ आणि वाचलं ५५५५५५५७. सोळाच्या पायाच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत ५ म्हणजे ०१०१ आणि ७ म्हणजे ०१११. एकच बिट शून्याचा एक झाला. प्रत्येक फेरीत त्याच पत्त्यावर तोच बिट असं येत असेल तर चिपमधला एक कण मेला आहे, ती पट्टी गेली. पत्ते दर वेळी वेगळे, बरेच बिट एकदम बदललेले, असं असेल तर आधी एक्सएमपी बंद करून पुन्हा तपासा. एरर गेल्या तर पट्टी कदाचित चांगलीच आहे. तो प्रोसेसर त्या स्पीडला, विशेषतः चारही स्लॉट भरलेले असताना, पेलत नाही इतकंच. स्पीड एक पायरी उतरवा. मेमटेस्ट८६ च्या १३ क्रमांकाच्या हॅमर चाचणीतच फक्त एरर येत असतील तर तो दोष इतका गंभीर मानत नाहीत. ती चाचणी एकाच रांगेवर मुद्दाम सतत मारा करते, रोजच्या वापरात तसं सहसा घडत नाही.

एरर आल्यावर पुन्हा एकेक पट्टी त्याच स्लॉटमध्ये लावून तपासा. एरर पट्टीबरोबर फिरली तर पट्टी, स्लॉटपाशीच राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर.

पट्टी खराब ठरली तर

रॅमवर वॉरंटी असते का ते लेबलवरून बघा, बऱ्याच कंपन्या ती आजीवन देतात. जोडीने घेतलेला किट असेल तर एकच पट्टी खराब निघाली तरी बहुतेक कंपन्या दोन्ही मागतात, कारण त्या एकत्र तपासून विकलेल्या असतात. एरर दिसणाऱ्या स्क्रीनचा आणि पट्टीच्या लेबलचा, सिरियल नंबर वाचता येईल असा फोटो काढून ठेवा. बदलीची येईपर्यंत चांगल्या पट्टीवर काम चालवा, पण आधी ड्राइव्हवरच्या महत्त्वाच्या फाइल तपासा. खराब रॅममधून गेलेली फाइल खराबच सेव्ह होते, आणि तिची बॅकअपमधली प्रतही.

रॅम बोर्डावरच सोल्डर केलेल्या पातळ लॅपटॉपमध्ये पट्टी बदलण्याचा मार्गच नाही. लिनक्स वापरत असाल तर खराब पत्ता ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) बॅडरॅम सेटिंगमध्ये टाकून तेवढा भाग वगळता येतो, विंडोजमध्येही बॅड मेमरी लिस्ट आहे. एकाच पत्त्यावरचा, स्थिर दोष असेल तरच हे चालतं. पत्ते भटकत असतील तर सरळ बोर्ड बदलण्याचा खर्च विचारून घ्या.